चिठ्ठी बाईच्या नावाची नाही, गावाची!

नवे खत लागू पडते का, हे बघायला तुम्ही काही वाफ्यांना ते देता, काहींना देत नाही. पण पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात शिरले की खतही जाते, आणि फरक काही कळत नाही. आरोग्याच्या प्रयोगातही हीच अडचण येते.

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा प्रयोग सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. एका घरातल्या थोरल्या जावेला तपासायचे आणि धाकटीला नाही, हे गावात चालेल का? म्हणून गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या गटांच्या काढल्या. कुठे एचपीव्ही विषाणूची चाचणी, कुठे पॅप स्मिअर, कुठे अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या वाटणीला तपासणी नाही, नेहमीचीच आरोग्यसेवा.

आता गंमत बघा. एका गावच्या बायका बऱ्याच बाबतींत सारख्या असतात. लग्नाचे वय तेच, दवाखाना तितकाच लांब. एकाच वाफ्यातली दहा कणसे मोजली म्हणून दहा शेतांचा अंदाज येत नाही ना, तसेच हे. एका गटात साधारण अडीच हजार बायका होत्या. त्यांच्यातले साम्य समजा हजारात एक इतकेच धरले, तरी हिशेबाने सव्वा लाखावर बायकांचे वजन सुमारे ३७ हजारांइतकेच उरते. म्हणून गटात माणसे वाढवण्यापेक्षा गट वाढवणे फायद्याचे. दोनच गावे घेऊन 'आमचा उपाय लागू पडला' म्हणणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका, मग तिथली माणसे दहा हजार का असेनात.

निकाल २००९ साली छापून आला. एचपीव्ही चाचणी एकदाच केली होती, तरी आठ वर्षांत त्या गटांत या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या. तपासणी नसलेल्या गटांत ६४. बाकी दोन पद्धतींनी मृत्यू ठळकपणे घटले नाहीत.

त्या ६४ जणींवरून पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, उद्या असा प्रयोग घेऊन कुणी गावात आले तर सही करण्याआधी ग्रामसभेत विचारा: किती गावे घेतलीत? आणि चिठ्ठीत आमच्या वाट्याला 'काही नाही' आले, तर गुण दिसल्यावर तो उपाय आमच्या बायकांना कधी मिळणार?