पाच व्होल्टांची काठी

पावसात घाट चढताना मोटारीचे बळ एकाएकी सरले, चेक इंजिनचा दिवा लागला, गॅरेजमधील स्कॅनरने एकाच वेळी तीन सेन्सरांची नावे दोषी म्हणून सांगितली, आणि त्यांपैकी दोन नवे घालून बिल चुकते केल्यावरही दिवा जसाच्या तसा जळत राहिला, अशी हकीकत कळवून एका वाचकांनी विचारले आहे की, तीन सेन्सर एकाच क्षणी बिघडतात कसे? प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचे उत्तर असे की, बहुधा ते बिघडलेलेच नसतात.

थ्रॉटल किती उघडला, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब किती, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, एसीच्या नळीत दाब किती, याची वर्दी देणाऱ्या सेन्सरांच्या कनेक्टरात सामान्यतः तीन तारा येतात. एकीवरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, काटेकोर ५ व्होल्ट धाडतो, दुसरी अर्थची असते, आणि तिसरीवरून सेन्सर त्या पाचांपैकी काही हिस्सा परत करतो. बॅटरीचे १२ व्होल्ट थेट का धाडीत नाहीत, असे कोणी विचारील, तर स्टार्टर फिरताना ते १० पर्यंत उतरतात व इंजिन चालू झाले की १४ च्या घरात जातात. अशा चंचल मापाने मोजणी कशी व्हावी?

येथे मला अकबराच्या काळातील जमीनमोजणी हटकून आठवते. त्या वेळी मोजणीचा दोर तागाचा असे. तो दवाने आखडे आणि उन्हाने लांबे, त्यामुळे एकाच शेताचा आकार सकाळी एक व दुपारी दुसरा भरे, आणि सारा त्या आकारावर ठरत असल्याने हा घोळ थेट रयतेच्या खळ्यावर येऊन पडे. अखेरीस दोर जाऊन लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आले. आपल्याकडे शिवछत्रपतींच्या राज्यात पाच हात पाच मुठींची काठी ठरली, तीही याच गरजेपोटी. इंजिनाच्या दफ्तरातील काठी पाच व्होल्टांची, इतकेच.

तथापि या व्यवस्थेतील खरे सौंदर्य यापुढे आहे. दोन भावांत शेताची वाटणी करावयाची असेल, तर काठी वीतभर आखूड निघाली तरी दोघांचे हिस्से त्याच काठीने मोजल्यामुळे निम्मे ते निम्मेच राहते. ईसीयूही परत आलेल्या व्होल्टांचा आकडा सुटा वाचीत नाही. धाडलेल्या पाचांशी त्याचे प्रमाण काढतो, म्हणून पाचाचे पावणेपाच झाले तरी अर्धा उघडलेला थ्रॉटल अर्धाच दिसतो. ही साधी युक्ती मला कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा अधिक मोह घालते. स्वतः काठी स्थिर राहते ती मात्र सिलिकॉनच्या एका गुणामुळे: ट्रान्झिस्टरमधील एक विद्युद्दाब तापमानाबरोबर घटतो, दुसरा वाढतो, आणि योग्य प्रमाणात त्यांची बेरीज केली की सुमारे १.२ व्होल्टांचे जवळजवळ अढळ माप हाती येते. १९६४ साली ही वाट प्रथम दाखविली फेअरचाइल्ड कंपनीतील डेव्हिड हिल्बिबर यांनी. पुढे १९७१ मध्ये बॉब विडलर यांनी ती एका चिपमध्ये सुटसुटीत बसविली, आणि नाव विडलरांचेच झाले. विडलर थोर होते यात संशय नाही, परंतु हिल्बिबरांचा उल्लेख वगळणे हा अन्याय होय.

काठी किंचित झिजली तर प्रमाण तगते. मोडली तर मात्र सर्वच साक्षीदार एका वेळी खोटे पडतात, आणि स्कॅनर त्यांची नावे यादीत घालतो. म्हणून त्या यादीत पी ०६४१ किंवा पी ०६५१ हा कोड आहे का, हे आधी पाहावे; हे कोड सेन्सरांचे नसून काठीचे आहेत. मग इग्निशन चालू करून कनेक्टर जोडलेला असतानाच, त्याच्या मागून मल्टिमीटरची सुई लावावी. कनेक्टर सोडून मोजल्यास जर्जर तारेवरही पूर्ण पाच दिसू शकतात, कारण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह खेचीत नाही. आकडा शून्याजवळ असेल, तर त्या ओळीवरील सेन्सर एकेक करून सोडावेत. मी एका गॅरेजात हे प्रत्यक्ष पाहिले: दोन कनेक्टर सुटले तरी मीटर ०.०३ वर निपचित होता, आणि एसीच्या दाबाचा सेन्सर सुटताच ४.९९ वर उसळला. इंजिनाची तक्रार, आणि अपराधी एसीचा! सर्व सेन्सर सोडूनही शून्यच राहिले, तर वायरिंग कोठे पत्र्यावर घासून तांबे उघडे पडले आहे काय ते धुंडावे. ईसीयूवर आरोप सर्वांत शेवटी ठेवावा, कारण तो सर्वांत महाग आणि बहुतेक वेळा निर्दोष असतो.

पत्रलेखकांना विनंती इतकीच की, काढलेले दोन्ही जुने सेन्सर टाकून देऊ नयेत, आणि तिसरा नवा मागविण्यापूर्वी मेकॅनिकला ते पाच व्होल्ट आपल्यासमोर मोजावयास सांगावे.