पाचर आणि मिरपूड

बंदुकीवरच्या दुर्बिणींचा विषय या आठवड्यात ठरला होता, पण तो पुढे ढकलावा लागतोय. एका वाचकाने खोचक सवाल केलाय : 'स्वॅट ४'मध्ये चांगली एम-फोर मिळत असताना बीनबॅगची शॉटगन कोण शहाणा उचलतो?

एलीट पातळी खेळणारा प्रत्येक जण उचलतो. इरॅशनल गेम्सच्या २००५ सालच्या या गेममध्ये तिथे उत्तीर्ण व्हायला शंभरपैकी ९५ गुण लागतात. संशयिताला जिवंत बेड्या घातल्या तर सर्वाधिक गुण, ठार केलं तर सगळ्यात कमी. त्यातही त्याने बंदूक रोखलेली नसताना गोळी घातली, तर वरून दंड. बीनबॅगचं तसं नाही. आधी 'पोलीस!' म्हणून दरडावायचं, ऐकलं नाही तर शिशाच्या छऱ्यांची ती पिशवी हाणायची. माणूस कळवळतो, तेवढ्यात बेड्या.

गंमत म्हणजे ओलीसही ऐकत नाहीत. सुटका करायला आलेल्या पोलिसांपुढे गुडघे टेकायला काही जण साफ नकार देतात. त्यांच्यासाठी मिरपुडीचा फवारा! निदान एकाच्या तरी पट्ट्याला तो हवाच.

काडतुसांची निवडही अशीच चकवते. फुल मेटल जॅकेट चिलखत भेदतं म्हणून नवखे तेच भरतात. पण ते भिंतही भेदतं, आणि पहिल्याच मोहिमेतल्या फूड वॉल रेस्टॉरंटमध्ये भिंतीपलीकडे कोण उभं आहे हे कुणाला ठाऊक? चिलखत नसलेल्या माणसावर हॉलो पॉइंट जास्त परिणामकारक ठरतं. चिलखतवाले समोर येतील तेव्हा मात्र जॅकेटला पर्याय नाही.

आता लाडका विषय, पाचर. दाराखाली सरकवायची एवढीशी वस्तू, त्यामुळे बहुतेक जण तिच्या जागी आणखी एक फ्लॅशबँग कोंबतात. मात्र या गेममधले संशयित एका जागी बसून राहत नाहीत. ते पळतात, मागच्या दाराने फिरून तपासलेल्या खोलीत शिरतात आणि पाठीत गोळी घालतात. शिवाय दर खेपेला त्यांच्या जागा बदलतात, त्यामुळे पाठांतर कामाला येत नाही. जी दारं वापरायची नाहीत त्यांना पाचरी मारल्या की अख्खी इमारत एका बाजूने, खोली खोली करत तपासता येते. तेच दार पुन्हा लागलं तर टूलकिट आहेच, फक्त पाचर काढताना दोन्ही हात अडकलेले असतात. मागे एकाला पहाऱ्यावर ठेवावं.

पाच जणांच्या तुकडीत मग वाटणी अशी : लाल जोडीतल्या एकाकडे बीनबॅग, त्याच्या पाठीशी रायफलवाला. निळ्या जोडीकडे रायफली आणि दार उडवायची स्फोटकं. दाराखालून डोकावायचा ऑप्टिवाँड आणि पाचरी म्होरक्याकडे, कारण कोणतं दार बंद करायचं हे त्यालाच ठरवायचं असतं. सीएस वायूची नळकांडी नेणार असाल तर पाचही जणांना गॅस मास्क द्या.

दुर्बिणी पुढच्या आठवड्यात. बहुधा.