पहिल्यांदाच ‘फूल’ खाताना

भडगावचा एखादा तरुण नोकरीसाठी रियाधला किंवा दुबईला जातो. तो शाकाहारी असला, तर पहिले आठ दिवस त्याला एकच चिंता असते: इथे खायचे काय? मग सोबतचा इजिप्तचा सहकारी एका सकाळी त्याच्यापुढे वाडगा सरकवतो. त्यात तपकिरी दाण्यांची घट्ट, जराशी घोटलेली उसळ असते. वर ऑलिव्ह तेलाची धार, जिरेपूड, लसूण, लिंबू, आणि सोबत गरम रोटी. नाव विचारले तर उत्तर मिळते, ‘फूल’. आपल्या फुलाशी याचा काही संबंध नाही. अरबी भाषेत फूल म्हणजे बाकल्याच्या शेंगेतला दाणा. पदार्थाचे पूर्ण नाव ‘फूल मुदम्मस’. इजिप्तमध्ये गरीब-श्रीमंत सगळेच ही न्याहरी करतात आणि सुदान, येमेन, सौदी अरेबियातही ती घरोघरी चालते.

कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन वाढलेल्या गिरणाकाठच्या माणसाला ही चव फारशी परकी वाटत नाही. याच दाण्याचा दुसरा पदार्थ म्हणजे फलाफल. भिजवलेले दाणे न शिजवता वाटायचे, त्यात कोथिंबीर, कांदा, लसूण घालून वडे तळायचे. म्हणजे आपले डाळवडेच! पुण्या-मुंबईत फलाफलचे रोल आता सर्रास मिळतात. पौष्टिकतेतही बाकला कमी नाही. शंभर ग्रॅम वाळलेल्या दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय भरपूर तंतू आणि फोलेट. परदेशात बिस्किटे आणि इन्स्टंट नूडल्सवर दिवस काढणाऱ्या शाकाहारी मुलाने तो जरूर खावा.

बहुतेकांना तो बाधत नाही. काही थोड्या लोकांना मात्र खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत थकवा येतो, पोट किंवा कंबर दुखते, चेहरा पांढरा पडतो, डोळे पिवळे होतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. या आजाराला फेविझम म्हणतात. यात यकृत बिघडलेले नसते; रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत असतात.

त्याचे कारण जन्मजात असते. तांबड्या पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारे एक विकर आहे, जीसिक्सपीडी. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ते कमी असते आणि त्यातल्या बहुसंख्यांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. बाकल्यात व्हायसिन आणि कॉन्व्हायसिन ही द्रव्ये असतात. पोटात गेल्यावर त्यांच्यापासून जे पदार्थ बनतात, ते नेमका हाच मारा करतात. ताजे, कच्चे दाणे सर्वांत धोक्याचे. शिजवल्याने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः पुरुषांना, त्यातही लहान मुलांना होतो. मुलाकडे हा दोष आईकडून येतो. म्हणून मामाला कधी मलेरियाच्या गोळ्यांनंतर कावीळ झाली होती का, हे विचारणे व्यर्थ नसते.

हा दोष फक्त भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत असतो, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. मुंबईतल्या पारशी समाजात तो १९६०च्या दशकातच नोंदला गेला. पुढे प्रजापतींच्या वाटलिया शाखेत आणि अनेक आदिवासी जमातींतही आढळला. त्याच्या एका प्रकाराला तर ‘कल्याण’ हेच नाव आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला ते दिले गेले. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तिथे हा दोष जास्त दिसतो, कारण तो असलेल्यांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. खान्देशात बाकला फारसा कोणी खात नाही, म्हणून इथे हा दोष झाकलेला राहतो. तो उघडा पडतो तो व्हायवॅक्स मलेरियासाठी १४ दिवस द्यायच्या प्रिमाक्विनमुळे, डॅप्सोनमुळे किंवा कपाटातल्या डांबरगोळ्या लहान मुलाने तोंडात घातल्यावर.

कावीळ म्हटली की आपल्याकडे अजूनही झाडपाल्याचे औषध घ्यायला नाहीतर कावीळ उतरवून घ्यायला नेतात. तांबड्या पेशी फुटत असताना असा घालवलेला एक दिवसही महागात पडू शकतो. हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते, रक्त चढवावे लागते, मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा वेळी डॉक्टरांना आधी सांगायचे ते हे, की काल-परवा काय खाल्ले आणि कोणती गोळी घेतली. जीसिक्सपीडीची तपासणी साधी आहे, पण ती त्रासाच्या ऐन भरात केली तर फसवू शकते. जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि नव्या, ताज्या पेशींत विकर जास्त असते. अहवाल नॉर्मल येतो. तसा आला तरी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

मग फलाफलचे काय? इजिप्तमध्ये ते बाकल्याचे असते. लेबनॉन, सीरियाकडे बहुधा हरभऱ्याचे, काही ठिकाणी दोन्हींचे मिश्रण. रंगावरून ओळखायला जाऊ नये; कोथिंबिरीमुळे दोन्ही हिरवे दिसू शकतात. सरळ विचारावे, फूल आहे की हुम्मुस? अरबीत हुम्मुस म्हणजे हरभराच. दोष ठाऊक असलेल्या रुग्णाच्या हातात काही वेळा ‘सर्व कडधान्ये बंद’ अशी यादी दिली जाते. ती गरजेपेक्षा फार लांब असते आणि शाकाहारी माणसाचे जेवणच तोडते. बंद करायचा तो बाकला. मूग, तूर, मटकी, चवळी, वाल खायला हरकत नाही. हरभऱ्याची हुम्मुस चटणीही चालेल. तिच्यात तिळाचे वाटण असते, एवढे तिळाची ॲलर्जी असलेल्याने ध्यानात ठेवावे.