कोंबडी कोणी नेली?

कोंबडी गेली की पहिलं नाव कोल्ह्याचं निघतं. वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात सकाळी खुराड्याजवळ चार पिसं पडलेली दिसली आणि मोजताना एक तलंग कमी भरली, की शेजारीपाजारी जमतात. रात्री कोल्हेकुई ऐकू आल्याचं कुणीतरी सांगतं आणि तिथंच निकाल लागतो. मातीवरचे ठसे कुणी बघत नाही. बघितले तर बऱ्याचदा चोर दुसराच निघतो: गोठ्यातली घूस, पऱ्हाट्यांच्या ढिगात राहणारं मुंगूस, नाहीतर गावातलंच मोकाट कुत्रं.

मुळात नावापासूनच घोळ आहे. इसापच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा तिकडच्या ‘फॉक्स’चा आपण कोल्हा केला. पण आपल्या शिवारातला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला ‘जॅकल’. तो आठ-दहा किलोंचा, लांडग्याच्या जवळचा. खरा ‘फॉक्स’ म्हणजे खोकड. वजन जेमतेम दोन ते तीन किलो, मोठे कान, झुपकेदार शेपटी आणि शेपटीचं टोक काळं. चांगला पोसलेला गावठी कोंबडा दोन किलोंच्या पुढे जातो. म्हणजे वजनात खोकड आणि कोंबडा जवळजवळ तोलामोलाचे. इंग्लंडमध्ये एका रात्रीत अख्खं खुराडं रिकामं करणारा जो लाल कोल्हा आहे, तो खोकडाच्या दुपटीहून मोठा. भारतात तो हिमालयात आणि राजस्थान-कच्छच्या वाळवंटी भागात आढळतो, वऱ्हाडात नाही. मोबाईलवर ‘कोल्ह्यापासून कोंबड्या कशा वाचवाव्यात’ असं शोधलं तर मिळणारा सल्ला बहुधा त्या परक्या प्राण्याबद्दलचा असतो.

खोकडाचं घर माळरानात. ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक जमिनीवर, मुरमाड उतारावर ते बीळ करतं आणि उंदीर, किडे, वाळवी, बोरं यांवर जगतं. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात अबी तमीम वनक यांनी खोकड आणि गावकुत्री यांचा बारकाईनं अभ्यास केला. कुत्री माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगतात आणि खोकड रानातल्या शिकारीवर, हे त्यातून दिसलं. कुत्रा जवळ असेल तर खोकड समोर ठेवलेल्या खाण्यालाही तोंड लावायला कचरतं, हेही दिसलं. अशा भित्र्या प्राण्यानं कुत्र्यांनी गजबजलेल्या गावात शिरून कोंबडी उचलावी, हे क्वचितच घडतं. सोयाबीन-तुरीच्या वावरातले उंदीर मात्र ते वर्षभर वेचत असतं, आणि त्याची मजुरी कुणाला द्यावी लागत नाही.

कोल्ह्याचं तसं नाही. संधी मिळाली की तो कोंबडी उचलतो, हे खरंच आहे. पण ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. काकडी, बोरं, मक्याचं कणीस, मेलेलं ढोर, उंदीर, जे मिळेल त्यावर त्याचं भागतं. उन्हाळ्यात पिल्लं असतात तेव्हा खाणाऱ्या तोंडांची संख्या वाढते. उभी तूर गावाच्या कडेपर्यंत आलेली असली की त्याला आडोसाही मिळतो. अशा दिवसांत उकिरड्यावर टाकलेली मेलेली कोंबडी म्हणजे त्याला दिलेलं आवतणच. एकदा वाट माहीत झाली की तो जिवंत कोंबडीपर्यंत पोचतो.

चोर ओळखायची एक साधी रीत आहे. संध्याकाळी खुराड्याच्या दारापुढे चुलीतली राख चाळून हातभर रुंद पसरायची आणि सकाळी झाडण्याआधी वाकून बघायची. ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा असतील तर प्राणी कोल्ह्या-कुत्र्याच्या जातीचा. नखं उमटलेली नसतील तर मांजर, मग ते घरचं असो की रानमांजर. लहानसा पाच बोटांचा, नखांचा ठसा बहुधा मुंगसाचा. नुसती नागमोडी रेघ असेल तर काय समजायचं ते सांगायला नको.

ठसे नसले तरी मागं राहिलेलं बरंच सांगून जातं. कोल्हा अख्खी कोंबडी उचलून नेतो आणि पिसांची माळ नाल्याकडे किंवा तुरीकडे जाते. मोकाट कुत्री एकाऐवजी चार मारतात आणि तिथंच टाकून जातात. मानेला किंवा डोक्याला चावा आणि बाकीचं धड शाबूत असेल तर मुंगूस किंवा जवादी मांजर. यातलं मुंगूस दिवसाढवळ्या येतं, म्हणून ‘रात्री तर दार लावलं होतं’ हा खुलासा तिथं उपयोगाचा नाही. अंडी टरफलासकट गायब झाली तर धामण किंवा नागाचा संशय घ्यावा. पिल्लू बिळाच्या तोंडाशी अर्धवट कुरतडलेलं सापडलं, किंवा खुडूक बसलेल्या कोंबडीचा पाय रक्ताळलेला दिसला, तर ते काम घुशीचं. आणि दुपारी अंगणातून पिल्लू नाहीसं झालं तर वर बघावं. शिकरा, घार आणि कावळा हे तिघंही पिल्लावर टपलेले असतात.

चोर कोणीही असो, त्याला अडवण्याची जागा एकच: खुराडं.

जिल्ह्यात जुनं खुराडं तुराट्यांच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं असायचं. उन्हाळ्यात गार राहणारं, फुकटात होणारं. पण घूस ते एका रात्रीत पोखरते. मग लोक बाजारातून षटकोनी भोकांची जाळी आणतात आणि निर्धास्त होतात. ती जाळी कोंबडी आत ठेवण्यापुरती ठीक आहे, चोराला बाहेर ठेवण्याइतकी दणकट नाही. कुत्रं ती दातानं फाडतं आणि मुंगसाचं पिल्लू, उंदीर, साप तिच्या भोकांतून सहज आत येतात. अर्ध्या इंची चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी महाग पडते, पण दहा-बारा कोंबड्यांना चार फूट बाय तीन फुटांचं खुराडं पुरतं, रात्रीच्या निवाऱ्याला कोंबडीमागे साधारण एक चौरस फूट जागा लागते. एवढ्यासाठी जाळी काही फार लागत नाही. खुराडं जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच, चार खांबांवर असावं आणि प्रत्येक खांबाला हातभर उंचीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, म्हणजे उंदीर-घुशीला चढता येत नाही. जमिनीवरच करायचं असेल तर जाळी फूटभर मातीखाली बाहेरच्या बाजूला वळवून पुरावी. उकरणारा प्राणी भिंतीच्या बुडाशी उकरतो, त्याच्या पंजाला जाळी लागते आणि तो नाद सोडतो. छपरावर पत्रा असेल तर वाशीमच्या मे महिन्यात आत भट्टी होते, म्हणून त्यावर कुटार किंवा पऱ्हाट्यांचा थर हवा. उकाडा टळावा म्हणून रात्री दार किलकिलं ठेवणं ही सगळ्यात महागाची चूक.

दाराला कडी आणि तिच्यात खिट्टी, दोन्ही हवं. दिवेलागणीला कोंबड्या आत गेल्या की मोजायच्या आणि लावायचं. उघडायची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. निंदणाच्या, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत बाया अंधारातच घरातलं आवरतात आणि जाता जाता खुराडं उघडतात. कोल्हा आणि रानमांजर फिरायची नेमकी तीच वेळ. लख्ख उजाडल्यावर दार उघडायला घरातलं दुसरं कुणी असेल तर एवढ्यानंच बरंच नुकसान टळतं.

पिल्लांसाठी डालगं अजूनही पर्याय नसलेलं साधन आहे. कोंबडी आणि तिची पिल्लं डालग्याखाली झाकायची, वर जड दगड ठेवायचा, एका बाजूला पसरट भांड्यात पाणी. पहिले चार-सहा आठवडे असे काढले की पिल्लं कावळ्याच्या तावडीतून सुटतात. पुढे मोकळं सोडल्यावर अंगणात लपायला जागा हवी, पऱ्हाट्यांची एखादी कलती झोपडीही चालते. घार दिसताच कोंबडी विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं क्षणात दिसेनाशी होतात. उघड्या, झाडून लख्ख केलेल्या अंगणात त्यांना पळायला जागाच नसते. गावठी कोंबडीचा मातकट, ठिपकेदार रंगही तिला वाचवतो, पांढरी कोंबडी आकाशातून दुरून दिसते. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरीराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज या सुधारित जाती मुद्दाम रंगीत ठेवल्या आहेत. मात्र अंगानं जड असल्यामुळे त्या गावठीसारख्या झाडावर उडून बसत नाहीत. त्यांना खुराडं अधिकच पक्कं लागतं.

या सगळ्या चोरांना अंगणात बोलावतं कोण, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. संध्याकाळी टाकलेला दाणा रात्रभर पडून राहतो. त्याला उंदीर येतात, उंदरांमागे धामण आणि नाग, मग रानमांजर. उंदरासाठी आलेल्या सापाला अंडं आयतंच मिळतं. म्हणून दाणा संपेल एवढाच टाकायचा, पोती पत्र्याच्या डब्यात ठेवायची, अंडी तिन्हीसांजेच्या आत गोळा करायची आणि खुराड्याभोवती दहा-पंधरा फूट गवत, सरपण, विटांचा ढीग राहू द्यायचा नाही.

हे न करता विषाकडे वळणं सोपं वाटतं. उंदरांसाठी वापरलं जाणारं झिंक फॉस्फाइड पोटात जाताच विषारी वायू तयार करतं. तो दाणा कोंबडीनं टिपला तर तीही मरते. विषानं झिंगलेला उंदीर घुबड, खोकड किंवा घरचं मांजर खातं आणि तेही जिवाला मुकू शकतं. मग पुढच्या हंगामात उंदीर खाणारंच कोणी उरत नाही. रोही आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर सोडलेली करंटची तार तर माणसांचेच जीव घेते, विदर्भात असे मृत्यू पुन्हा पुन्हा झाले आहेत.

कायदाही आता कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कोल्हा, खोकड, रानमांजर, मुंगूस, नाग आणि धामण हे सगळे आता पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांना मारल्यास किमान ३ ते कमाल ७ वर्षांची कैद होऊ शकते. प्राणी घरात अडकला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. कोल्हा दिवसा माणसावर धावून आला तर तो पिसाळलेला असण्याची शक्यता धरावी, चावा लागल्यास जखम १५ मिनिटं साबणपाण्यानं धुवून लगेच दवाखाना गाठावा.

खुराड्यातलीच एक बारीक कीड या चोरांना मोठा हात देते. कोंबड्यांची गोचीड दिवसा लाकडाच्या फटीत दडून बसते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. कोंबडीचा तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, आणि एका संध्याकाळी ती आत जायलाच तयार होत नाही, कडुनिंबावर चढून बसते. घरच्यांना वाटतं, खोड लागली. खरं तर आत तिला झोपू दिलं जात नसतं. फटी मातीनं किंवा सिमेंटनं बुजवणं, चुन्याची सफेदी, अंघोळीला राखेचा खड्डा आणि गरज पडली तर पशुवैद्यकाकडचं औषध, एवढं केलं की ती पुन्हा खुराड्यात येते.

परसातल्या कोंबडीचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र रानातून येत नाही. तो मानमोडी, म्हणजे राणीखेत. कोल्हा एक कोंबडी नेतो, मानमोडी आठवडाभरात गाव साफ करते. बर्ड फ्लूची भीतीही या जिल्ह्यानं जवळून पाहिली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारंजा तालुक्यातल्या खेर्डा इथं एका कुक्कुटपालन केंद्रातल्या ६ हजारांहून अधिक कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी नागपूरच्या गोरेवाडा वन्यजीव बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं दगावले होते. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकली तर हा रोग कुठवर जाऊ शकतो, हे त्यावरून कळावं. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला १९६२ वर कळवावं. एरवीही मेलेला पक्षी चुना टाकून खोल पुरावा.

देशात परसातल्या कोंबड्या २०१९ च्या पशुगणनेत ३१ कोटी ७० लाखांवर गेल्या, २०१२ पेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त. गावात हा पैसा बहुतेक ठिकाणी बाईच्या हातातला असतो. मुलाची वही, आजाऱ्याची गोळी, पाहुण्यासाठी रस्सा, सगळं त्यातून निघतं. तरीही कोंबड्यांना लस देणारी घरं थोडीच. अडचण खरी आहे: मानमोडीच्या लासोटा लशीची सगळ्यात लहान कुपीसुद्धा सहसा शंभर मात्रांची असते, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, आणि घरात कोंबड्या दहा. त्यावर तोड बचत गटातच आहे. आठ-दहा घरांनी मिळून एकच कुपी आणायची, बर्फाच्या थर्मासमधून.

आणि इथं पुन्हा खुराड्यापाशी यावं लागतं. कडुनिंबावर झोपणारी कोंबडी लशीसाठी पकडायची म्हणजे अर्धा दिवस गल्लीभर धावपळ, आणि तरी दोन-चार हातून सुटतातच. पक्क्या खुराड्यातली कोंबडी पहाटे दार उघडण्याआधी, अजून डोळे मिटलेली असताना, एकेक करून हाताला लागते. एक बाई पंखांसकट तिला काखेत धरते, दुसरी पापणी बोटानं अलगद ओढून डोळ्यात थेंब सोडते, कोंबडी डोळा मिचकावते, थेंब आत जातो, मगच तिला खाली सोडायचं. दहा कोंबड्या, दहा मिनिटं. मग थर्मास पुढच्या घरी जातो.