लालबुड्या बुलबुल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागांत, बांधावरच्या बोरी-बाभळींवर आणि अंगणातल्या जास्वंदीवर आढळणारा लालबुड्या बुलबुल, म्हणजे काळ्या डोक्यावर छोटी शेंडी आणि शेपटीच्या बुडाशी लाल पिसे असलेला सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा पक्षी, माणसाच्या इतक्या जवळ वावरतो की त्याला पाळणे स्वाभाविक आणि निरुपद्रवी मानले जाते. ही समजूत पुढील गैरसमजांवर उभी आहे.

गैरसमज: जमिनीवर सापडलेले पिल्लू अनाथ असते आणि माणसाचा हात लागला की आई त्याला टाकते.

वस्तुस्थिती: बुलबुलाची पिल्ले साधारण बाराव्या दिवशी, नीट उडता येण्यापूर्वीच घरटे सोडतात आणि त्यानंतरही आईबाप त्यांना भरवत राहतात. केवळ माणसाच्या स्पर्शामुळे ते पिल्लाचा त्याग करीत नाहीत. म्हणून पिसे फुटलेले धडधाकट पिल्लू घरी न नेता जवळच्या झुडपात ठेवणे, हीच त्याला खरी मदत होय.

गैरसमज: दाणे आणि दूधभात यांवर बुलबुल चांगला जगतो.

वस्तुस्थिती: अनेक पक्षी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, परंतु बुलबुलाला माणसाप्रमाणेच ते अन्नातून मिळवावे लागते. वड, पिंपळ, उंबर, बोर यांची फळे, फुलांतील मध आणि कीटक हा त्याचा आहार असून, खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून दूरवर पडत असल्याने नवी झाडेही त्याच्यामुळे रुजतात.

गैरसमज: पिंजऱ्यात गाणारा बुलबुल आनंदी असतो.

वस्तुस्थिती: पक्ष्याचे गाणे प्रामुख्याने हद्द जाहीर करण्यासाठी आणि जोडीदाराला साद घालण्यासाठी असते, त्यामुळे पिंजऱ्यातील गाण्यावरून त्याच्या सुखाचा निष्कर्ष काढता येत नाही.

गैरसमज: वन्यजीव कायदा फक्त वाघ-मोरांसाठी आहे आणि पाळलेला पक्षी कोठेही सोडला तरी पुण्यच लागते.

वस्तुस्थिती: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ बुलबुलालाही लागू असून, त्यातील ‘शिकार’ या संज्ञेत पक्षी पकडणे, तसेच त्याची अंडी किंवा घरटी यांना इजा पोहोचवणे याचाही समावेश होतो. हाताने वाढवलेल्या पक्ष्याला अन्न शोधणे आणि शत्रू ओळखणे जमेलच असे नाही; म्हणून असा किंवा जखमी पक्षी वनविभागाकडे द्यावा, ज्यासाठी महाराष्ट्रात १९२६ हा मदत क्रमांक आहे. परमुलखात सोडलेल्या बुलबुलाचे परिणाम आणखी गंभीर ठरतात: फिजीसह पॅसिफिक बेटांवर माणसाने नेलेली ही जात तेथे पिकांना आणि स्थानिक पक्ष्यांना उपद्रवकारक झाली आणि जगातील १०० सर्वाधिक घातक आक्रमक जातींच्या यादीत तिची नोंद झाली.

बुलबुलाचा सहवास हवा असणाऱ्याने बांधावरची बोर आणि उंबर राखावेत व मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सावलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवावे, कारण एवढ्या सोयीवर हा पक्षी आपणहून अंगणात येतो.