सभेआधी विषयपत्रिका

महापालिकेची सर्वसाधारण सभा महिन्यातून किमान एकदा, तीही 20 तारखेच्या आत भरली पाहिजे. तिची नोटीस एरवी पूर्ण सात दिवस आधी निघाली पाहिजे. आणि ही सभा लोकांसाठी खुली असली पाहिजे. दारे बंद करायची असतील, तर तसा निर्णय हजर सदस्यांनी बहुमताने घ्यावा लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या अनुसूचीत हे तिन्ही नियम आहेत. ते नगरसेवकांच्या सोयीसाठी केलेले नाहीत. शहराचे निर्णय शहराच्या डोळ्यांदेखत व्हावेत, म्हणून केलेले आहेत.

जळगाव आणि धुळ्यात सभेची बातमी मात्र बहुधा दुसऱ्या दिवशी कळते. कोणी सभात्याग केला, कोणी फलक फडकवला, कोण कोणावर धावून गेले, एवढे त्या बातमीत ठळक असते. कोणत्या गल्लीची जलवाहिनी मंजूर झाली, कोणता भूखंड कोणाला दिला, सफाईचा ठेका कोणत्या अटींवर गेला, हे शेवटच्या दोन ओळींत सापडले तर सापडते. तोवर ठराव होऊन गेलेला असतो. या लेखाचे सांगणे एवढेच आहे की नागरिकाचे काम सभेनंतरच्या बातमीपाशी सुरू होत नाही, सभेआधीच्या विषयपत्रिकेपाशी सुरू होते.

सभागृहाविना गेलेली वर्षे

या दोन शहरांना नगरपालिकेची सवय दीडशे वर्षांहून जुनी आहे. धुळ्याची नगरपालिका 1862 ची, जळगावची 1864 ची. 2003 मध्ये दोन्हींच्या महापालिका झाल्या. आज जळगावच्या सभागृहात 75 आणि धुळ्याच्या सभागृहात 74 निवडून आलेले सदस्य बसतात.

मध्यंतरी मात्र ही सभागृहे रिकामी होती. जळगावच्या सदस्यांची मुदत सप्टेंबर 2023 मध्ये संपली, धुळ्याची त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर. राज्यघटनेच्या 243 यू अनुच्छेदानुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. ती झाली नाही. राज्यातील 29 महापालिकांसाठी मतदान झाले ते 15 जानेवारी 2026 रोजी. तोपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासकीय राजवटीत प्रस्ताव ठेवणारा आणि त्याला मान्यता देणारा अधिकारी एकच असतो. कामे होतात, काही कामे वेगानेही होतात; पण ‘हे आमच्या वस्तीत का नाही?’ असे उभे राहून विचारणारा निवडून आलेला माणूस तिथे नसतो. दोन वर्षांहून अधिक काळ खान्देशातल्या या दोन शहरांनी तो प्रश्न सभागृहात ऐकलाच नाही.

आता सदस्य आले आहेत, सभाही भरत आहेत. मोडलेली सवय जोडून घ्यायची वेळ हीच आहे.

विषय टेबलावर येतो कसा

रस्त्याचा, पाण्याचा किंवा गाळ्यांचा कोणताही विषय आधी कागदावर येतो. संबंधित विभाग प्रस्ताव तयार करतो, आयुक्तांची त्यावर सही होते, आणि नगरसचिव तो विषयपत्रिकेत घेतात. विषयाचा क्रमांक, त्याचा गोषवारा, सोबत प्रशासनाची टिपणी असा हा कागद असतो. सभेत सूचक आणि अनुमोदक उभे राहतात, चर्चा होते, गरज पडली तर मतदान होते आणि ठराव होतो. पुढच्या सभेत मागील सभेचे इतिवृत्त कायम केले जाते.

महासभेखालोखाल महत्त्वाची स्थायी समिती. तिचे सदस्य 16 असतात आणि ती आठवड्यातून एकदा भरावी, असे कायदा म्हणतो. मोठ्या रकमेच्या निविदा आणि ठेके तिच्यापुढे येतात. ‘तिजोरीच्या चाव्या स्थायीकडे’ असे महापालिकेत म्हणतात ते त्यामुळेच.

अंमलबजावणी आयुक्तांकडे असते. एखादा ठराव कायद्याच्या विरुद्ध किंवा लोकहिताला बाधक वाटला, तर कलम 451 खाली राज्य सरकार तो निलंबित करून पुढे विखंडित करू शकते. म्हणजे ठराव झाला की विषय संपला, असे नसते. सभेआधी बोलता येते, सभेत नगरसेवकाकरवी बोलता येते आणि सभेनंतर सरकारकडेही दाद मागता येते. सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक वेळ मात्र पहिली. कागद अजून कच्चा असतो तेव्हाच त्यात दुरुस्ती सोपी असते.

या वाटेत एक जागा विशेष लक्ष ठेवण्याची आहे. ‘आयत्या वेळचे विषय’. तातडीची गरज म्हणून विषयपत्रिकेत नसलेला विषय सभेत मांडण्याची ही रीत. पूर आला, जलवाहिनी फुटली, तर ती लागतेच. पण जमिनीचा, आरक्षण बदलाचा किंवा मोठ्या खर्चाचा विषय आयत्या वेळी येऊन ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात निघून गेला, तर सात दिवसांच्या नोटिशीला अर्थ उरत नाही. आपल्या नगरसेवकाला सभेनंतर एक प्रश्न जरूर विचारावा: आयत्या वेळी काय काय आले, आणि ते पुढच्या महिन्यापर्यंत थांबू शकले नसते का?

हात वर करण्याची जबाबदारी

18 मार्च 2021 रोजी जळगावच्या महापौरपदाची निवडणूक झाली. करोनामुळे सभा ऑनलाइन होती. 2018 मध्ये भाजपचे 57 सदस्य निवडून आले होते, तरीही त्यांतले 27 जण दुसऱ्या बाजूला गेले आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन 45 विरुद्ध 30 मतांनी महापौर झाल्या. त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष जळगावकडे होते. कोण कुठे गेले, कोणाला कुठे ठेवले, याची चर्चा चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत झाली. पद कोणाकडे गेले हे शहराला तोंडपाठ असते. त्या पदावरून महिन्याला काय मंजूर झाले, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. अमृत योजनेसाठी खोदलेले रस्ते, 2012 मध्ये मुदत संपलेले व्यापारी संकुलांतले गाळे, हुडकोच्या कर्जापायी खाती गोठण्यापर्यंत आलेली वेळ, या सगळ्याचे धागे कुठल्या ना कुठल्या सभेतल्या कुठल्या ना कुठल्या विषय क्रमांकापर्यंत जातात.

ठरावाला वजन किती असते, हे जळगावच्या घरकुल खटल्याने दाखवले. गरिबांसाठी घरांची ही योजना नगरपालिकेच्या काळातली. 2006 मध्ये तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. त्यांत तेव्हाचे अनेक नगरसेवक होते. या निकालाला पुढे उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. ठेकेदाराला झुकते माप देणारे निर्णय हा त्या खटल्याचा गाभा होता. नव्या सदस्यांसाठी यातला धडा सरळ आहे: टिपणी न वाचता वर केलेला हातही सहीइतकाच बांधून घेतो. नागरिकांसाठी धडा त्याहून मोठा आहे. ज्या गरीब कुटुंबांसाठी योजना होती त्यांना खटल्याच्या निकालाने घर मिळाले नाही. चौकशी वर्षांनंतर येते. प्रश्न सभेआधी विचारला गेला असता, तर घरे कदाचित उभी राहिली असती.

फेब्रुवारीत ठरते, एप्रिलमध्ये कळते

घरपट्टीचे बिल नवे आर्थिक वर्ष लागल्यावर हातात पडते आणि मग आपण चिडतो. पण पुढच्या वर्षाचे करांचे दर महापालिकेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत, असे कलम 99 सांगते. त्याच सुमारास आयुक्त पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यात फेरफार करते आणि ते महासभेपुढे जाते. म्हणजे दिवाळी ते शिवजयंती हा शहराच्या पैशांचा हंगाम. वस्तीला गटार हवी, शाळेला छप्पर हवे, मेहरूण तलावाकाठी दिवे हवेत, तर ती मागणी दिवाळीच्या आसपास लेखी गेली पाहिजे. एप्रिलमध्ये दिलेले निवेदन पुढच्या वर्षाची वाट पाहते.

पुण्याने यासाठी एक चांगली वाट पाडली. 2006-07 पासून तिथे नागरिकांनी सुचवलेली छोटी कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू झाली. जगात या कल्पनेची मूळ जागा ब्राझीलमधले पोर्तो अलेग्रे. तिथे 1989 पासून वस्त्यांच्या सभांमध्ये शहराचा खर्च ठरू लागला. आपल्या दोन्ही महापालिकांनी प्रत्येक प्रभागासाठी थोडीशी रक्कम जरी अशी राखून ठेवली, तरी लोक अंदाजपत्रक वाचायला लागतील. धुळ्याला तर याची निकड जास्त. तापी योजनेची वाहिनी फुटली की शहर कोरडे, आठ-आठ, दहा-दहा दिवसांआड पाणी, हे धुळेकरांनी सोसले आहे. अक्कलपाडा धरणाच्या पाण्याची वाट त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली. कोणत्या जलकुंभावर किती खर्च धरला आहे आणि कोणती गल्ली कोणत्या जलकुंभावर आहे, हा त्या शहरात तांत्रिक प्रश्न नाही. तो घरातल्या बाईच्या झोपेचा प्रश्न आहे.

विसरलेली क्षेत्रसभा

गावाला ग्रामसभा आहे, तशी शहराला काही नाही, असा समज आहे. तो खरा नाही. 2009 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभा आणली. लगतच्या काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, त्यातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य, आणि अध्यक्ष तिथला नगरसेवक. दोन वर्षांत किमान चार सभा घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. न घेतल्यास पद जाऊ शकते. राज्यातल्या बहुतेक शहरांत ही तरतूद कागदावरच राहिली. क्षेत्रे आखली गेली नाहीत, सभांची नोटीस निघाली नाही, आणि लोकांनीही ती मागितली नाही.

बसून बोलण्याने काय होते, हे पाहायला फार लांब जायला नको. धुळे जिल्ह्यातल्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. उजाड झालेले जंगल राखायचे गावाने ठरवले, तोडणाऱ्याला दंड काय हेही बैठकीत ठरवले आणि ते नियम पाळले. या कामात पुढे असलेले चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे यंत्रणा मोठी नव्हती. लोक ठरलेल्या दिवशी एकत्र बसत होते आणि ठरवलेले लक्षात ठेवत होते, हीच तिथली ताकद. पिंप्राळ्यात, शिवाजीनगरात, देवपुरात किंवा मोगलाईत हे होऊ नये, असे काहीही नाही. कानबाईच्या रोटांना भाऊबंद एकत्र येतात, रथोत्सवाची जबाबदारी गल्लीगल्लीने वाटून घेतली जाते. एकत्र येण्याची रीत खान्देशाला शिकवावी लागत नाही. ती पाणी, गटार आणि खर्चाच्या हिशेबाकडे वळवावी लागते.

एक अडचण खरी आहे. जळगाव आणि धुळ्यात दोन-तीन प्रभाग सोडले, तर एका प्रभागात चार नगरसेवक आहेत. ‘भाऊ, आमच्याकडे पाणी नाही’ म्हटले की ‘ते ताईंच्या भागात येते’ असे उत्तर मिळू शकते. त्यावर उपाय साधा आहे. अर्ज एकच लिहावा, चौघांच्या नावे लिहावा आणि चौघांकडून पोच घ्यावी.

पुढच्या महिन्यापासून

पहिले काम: प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला महापालिकेच्या संकेतस्थळावर किंवा नगरसचिवांच्या कार्यालयात सभेची तारीख आणि विषयपत्रिका पाहावी. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 प्रशासनाला अशी माहिती मागण्याआधीच जाहीर करायला सांगते. मिळाली नाही, तर लेखी मागावी.

दुसरे काम: आपल्या प्रभागाचे, पाण्याचे, कराचे आणि जमिनीचे विषय खुणा करून ठेवावेत. आरक्षण किंवा वापर बदलाची सूचना निघाली, तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली हरकत नोंदवायला एक महिना मिळतो. तो महिना वाया घालवू नये.

तिसरे काम: सभेला जावे. प्रेक्षक म्हणून बोलता येत नाही, हे खरे. पण आपला मतदार वर बसलेला दिसला की खाली बसलेल्याचे भाषण बदलते. सभेनंतर इतिवृत्त पाहण्याचा हक्कही आपल्याला आहे.

चौथे काम: व्यक्तिगत तक्रार अडली असेल, तर महापालिकेच्या लोकशाही दिनाचा उपयोग करावा. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयात असलेली प्रकरणे तिथे घेतली जात नाहीत.

आणि एक सामूहिक काम. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय, दोन्हीकडची महाविद्यालये आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांनी महासभेची विषयपत्रिका फलकावर लावावी, आणि सभेआधीच्या रविवारी तासभर ती मोठ्याने वाचावी. निवृत्त अभियंता जलवाहिनीचा व्यास समजावेल, वकील कलम समजावेल, शिक्षिका प्रश्न लिहून काढेल. तो कागद चारही नगरसेवकांकडे जाईल.

मतदान पाच वर्षांतून एकदा येते, सभा दर महिन्याला. जानेवारीत रांगेत उभे राहून आपण या सदस्यांना निवडून सभागृहात पाठवले आहे; ते तिथे काय ठरवणार आहेत, हे आधी जाणून घेणे हा त्याच मताचा उरलेला अर्धा भाग आहे. पुढच्या सभेची नोटीस निघाली की ती वाचा, शेजाऱ्याला द्या, आणि आपल्या प्रभागातल्या चौघांना विचारा: क्षेत्रसभा कधी घेताय?