जुनी झेड मोटार : जपावी की बदलावी?

मोटारगाडी यंत्र म्हणून जन्माला येते आणि बहुधा भंगार म्हणून संपते. फारच थोड्या गाड्यांच्या वाट्याला त्यापुढची आणखी एक अवस्था येते. त्यांचे काम संपलेले असते, त्यांच्याहून वेगवान व सुखकर गाड्या रस्तोरस्ती धावत असतात, आणि तरीही लोक त्यांच्यापायी घरचा पैसा, रविवारची सुट्टी आणि कुटुंबीयांची नाराजी आनंदाने खर्ची घालतात. जपानच्या निसान कंपनीने १९६९ साली काढलेली ‘झेड’ ही अशा भाग्यवान गाड्यांपैकी एक होय. मायदेशी तिचे नाव ‘फेअरलेडी झेड’. अमेरिकेत ती ‘डॅटसन २४०झेड’ या नावाने विकली गेली. तिचा मालक होणाऱ्या प्रत्येकापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतो. ही गाडी कारखान्यातून निघाली तशीच जपावी, की आजच्या रस्त्यांना साजेशी करून वापरावी?

डॅटसन हे नाव भारतीयांना अगदीच अपरिचित नाही. २०१४ साली त्या नावाची एक छोटी, स्वस्त गाडी येथे आली आणि २०२२ साली ते नाव पुन्हा मिटले. मूळ नाव मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे. डेन, आओयामा व ताकेउची या तिघा पाठीराख्यांच्या आद्याक्षरांवरून ‘डॅट’ हा शब्द बनला, आणि पुढे निघालेल्या लहान गाडीला ‘डॅटचा पुत्र’ या अर्थाने डॅटसन म्हटले गेले. परंतु जपानी भाषेत ‘सोन’ म्हणजे तोटा! तेव्हा इंग्रजी वर्णरचनेतील एक अक्षर बदलून त्या पुत्राचा सूर्य करण्यात आला. व्यापाऱ्याला शकुनाचे भय सर्वत्र सारखेच.

१९६०च्या दशकात अमेरिकन गिऱ्हाइकाच्या लेखी जपानी मोटार म्हणजे काटकसरीची, दिसायला बेताची वस्तू होती. हा समज मोडायचा, तर नुसती चांगली गाडी पुरेशी नाही, मोह पडेल अशी गाडी हवी, हे युताका काटायामा या निसानच्या अमेरिकेतील प्रमुखाने ओळखले. तिकडे जपानात योशिहिको मात्सुओ यांच्या नेतृत्वाखालील चित्रकारांनी लांब नाकाची, मागे उतरत्या छपराची, दोनच आसनांची आकृती सिद्ध केली. ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेवरून पडलेले फेअरलेडी हे नाव काटायामांना अमेरिकेसाठी रुचले नाही. आलेल्या गाड्यांवरील नावाच्या पट्ट्या काढून त्यांनी कारखान्यातले सांकेतिक नावच तिथे बसविले, असे सांगितले जाते. पुढे काटायामा १०५ वर्षांचे होऊन २०१५ साली वारले, आणि अखेरपर्यंत जगभरचे झेडप्रेमी त्यांना ‘मिस्टर के’ म्हणून मान देत राहिले.

अमेरिकेत तिची आरंभीची किंमत ३,५२६ डॉलर होती. तेवढ्या पैशांत सहा सिलिंडरांचे २,३९३ घनसेंटिमीटरचे इंजिन, त्या काळच्या मोजणीप्रमाणे १५१ अश्वशक्ती, चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा आणि पुढे डिस्क ब्रेक मिळत. वजन हजार किलोच्या थोडेसेच वर. स्वस्ताईचे रहस्य असे की, हे इंजिन कोरी पाटी घेऊन आखलेले नव्हते. डॅटसन ५१० या साध्या चौघडी मोटारीतील चार सिलिंडरांच्या इंजिनाचे ते सहा सिलिंडरांचे भावंड होते. दोघांच्या सिलिंडरांचा व्यासही एकच, ८३ मिलिमीटर. इंजिनांच्या या घराण्यात पुढे आणखी मोठी भावंडे जन्मली, आणि त्यांचे भाग एकमेकांना बसत गेले. आजच्या मालकाला जो फेरफार करता येतो, त्याचे मूळ या कुटुंबपद्धतीत आहे.

खुद्द जपानात दोन हजार घनसेंटिमीटरांवरील गाडीला कर जड असल्याने तिथे बहुतेकांनी लहान इंजिनाची झेड घेतली. त्याच छोट्या मापात एक अपूर्व प्रकारही निघाला. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, तीन कारबुरेटर आणि दोन कॅमशाफ्ट, म्हणून त्याचे नाव ‘झेड ४३२’. असे नग जेमतेम चारशेवीसच्या आसपास तयार झाले.

गाडीचे कूळ स्पर्धेत सिद्ध होते. १९७० व १९७१ साली पीटर ब्रॉक यांच्या पथकातर्फे जॉन मॉर्टन याने अमेरिकेतील आपल्या वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद झेडवर मिळविले. पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली ही तर धूळ, चिखल आणि खड्डे यांची परीक्षा. १९७१ साली एडगर हेरमान व हान्स श्यूलर यांनी ती याच गाडीने जिंकली. १९७३ साली तिचा मानकरी ठरला शेखर मेहता, युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा तरुण. इदी अमीनने १९७२ साली आशियायी लोकांना युगांडातून हाकलून दिल्यावर तो केनियात आला होता. डॅटसनचीच दुसरी गाडी चालविणाऱ्या हॅरी केल्स्ट्रॉमचे व त्याचे दंडगुण अखेर समसमान भरले, आणि बरोबरी सोडविण्याच्या नियमाने विजय मेहताकडे गेला. हीच रॅली पुढे १९७९ ते १९८२ अशी ओळीने चार वेळा त्याने जिंकली.

तेव्हा बदल या गाडीला परका नाही. १९७१ साली कारखान्यानेच जपानात ‘२४०झेडजी’ नावाचा प्रकार विकला. त्याचे नाक लांबविलेले होते आणि चाकांवर रुंद पाखी बाहेरून जडविलेली होती. ‘मूळ तेच शुद्ध’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. परंतु ‘वाटेल ते करा’ असे म्हणणाऱ्यांची बाजूही याने सिद्ध होत नाही, कारण कारखान्याने जे केले ते नव्या, निरोगी पत्र्यावर. आजच्या मालकाच्या हाती येतो तो पन्नास वर्षांचा पत्रा.

या गाडीला स्वतंत्र चासी नाही. पातळ पत्र्याचे भाग एकमेकांना डागून जी पेटी तयार होते, तीच तिचा सांगाडा. गंजापासून रक्षणाची आजची रीत त्या काळी नव्हती. पत्र्यावर पत्रा बसतो त्या सांध्यात पाणी शिरते आणि मुक्काम ठोकते. पुढच्या काचेखालील पन्हळीत पाने साचली की पाण्याची वाट तुंबते. बॅटरीतील आम्ल ठिबकून तिच्याखालची बैठक पोखरते. दारामागचा खालचा कोपरा, पायाखालची जमीन, तळाचे लांब पाट, मागच्या जादा चाकाचा खड्डा ही सारी गंजाची आवडती ठिकाणे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरणाऱ्या प्रदेशातली गाडी असली तर विचारायलाच नको. वरून रंग आरशासारखा आणि आतून भाकरीचा पापुद्रा, असे नमुने विक्रीला पुष्कळ असतात. म्हणून जाणता गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी खिशातून लोहचुंबक काढतो. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे, हे उघड होते. इंजिन पैसे मोजून दुसरे मिळते. कुजलेला सांगाडा सरळ रेषेत पुन्हा उभारणे हे निष्णात कारागिराचे महिनोन्महिन्यांचे काम आहे. दोन गाड्यांपैकी महाग पण निरोगी गाडी घेणाराच शेवटी स्वस्तात सुटतो.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणून अधिक घातक आहे. गाडी धावू लागली की तिच्या तुटक्या शेपटीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरातून निघालेला धूर तिथेच घुटमळतो. मागच्या दाराचे रबर वाळून तडकलेले असेल, मागील दिव्यांच्या पाठची गादी झिजलेली असेल, तर तोच धूर आत ओढला जातो. खिडकी उघडली तर धूर बाहेर न जाता आणखी आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. डोके जड होऊन मळमळू लागते तेव्हा चालकाला वाटते की उन्हाचा त्रास होत असावा. नवी रबरे, दिव्यांमागील नव्या गाद्या आणि सायलेन्सरचे तोंड थोडे बाहेर काढणे एवढ्याने हा धोका बहुतांशी टळतो. खर्च किरकोळ असतो. तरीही अश्वशक्तीवर हजारो डॉलर उधळणारे कित्येक मालक हे काम पुढच्या रविवारवर ढकलतात!

दिव्यांचेही तसेच. समोरच्या दिव्यांची सगळी वीज या गाडीत हातातल्या खटक्यातूनच जाते, त्यामुळे जुना खटका तापतो व वितळतो. मध्ये रिले बसविला की खटक्यावरचा भार उतरतो. बाहेरून काही दिसत नाही आणि दोन तारा सोडविल्या की गाडी पूर्ववत होते. आदर्श फेरफार तो असा.

वेगाचा नाद लागलेल्याने आरंभ ब्रेकपासून करावा. पुढचे मूळ डिस्क ब्रेक १९७० सालच्या वाहतुकीला पुरे होते. घाटात वरचेवर दाबले की ते तापून ढिले पडतात. अमेरिकेतील मालकांनी यावर नामी तोड काढली. टोयोटाच्या मालवाहू पिकअप गाडीचे चार दट्ट्यांचे ब्रेक झेडला थोड्या खटपटीने बसतात, आणि ते भंगारवाल्याकडेही मिळत. मात्र पुढचेच ब्रेक जोरकस केले तर पुढचा-मागचा तोल बिघडतो, हे विसरून चालत नाही. मग रबरी बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायर. मूळ चाके अवघी साडेचार इंच रुंद व चौदा इंच व्यासाची होती. थोडी रुंद चाके मूळ पाखाखाली सहज मावतात. गाडी खाली यावी म्हणून स्प्रिंगा कापणे हा अडाणीपणा होय. चाकाला वरखाली होण्यास जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्डा थेट सांगाड्यावर आदळतो.

यानंतर इंजिनाची पाळी. मूळ गाडीत दोन कारबुरेटर प्रत्येकी तीन सिलिंडरांना पेट्रोल पुरवितात. हौशी मालक त्यांच्या जागी वेबर किंवा मिकुनी बनावटीचे दुतोंडी तीन कारबुरेटर बसवितात. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचे तोंड मिळते, श्वास मोकळा होतो आणि आवाज असा उठतो की पुष्कळांना तोच मुख्य लाभ वाटतो. पण सहा तोंडे एकसुरात आणणे हे तंबोरे जुळविण्यासारखे नाजूक काम असून पेट्रोलचा खर्चही वाढतो. त्याहून मोठी उडी म्हणजे त्याच घराण्यातील २,७५३ घनसेंटिमीटरचे इंजिन. ते १९७५च्या २८०झेडमध्ये व नंतरच्या २८०झेडएक्समध्ये होते आणि जुन्या गाडीत फारशी काटछाट न करता उतरते. काहींनी निसानच्याच डिझेल इंजिनाचा क्रँकशाफ्ट त्यात घातला आणि सिलिंडर ८९ मिलिमीटरपर्यंत रुंद केले. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर झाल्याने एकंदर माप सुमारे ३,१०० घनसेंटिमीटरवर गेले. एकाच कुळातील भाग जुळवून केलेली ही करामत खरोखर रसिकतेची आहे.

अमेरिकन बनावटीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविण्याची रीतही १९७०च्या दशकापासून चालत आली आहे. तिची गोष्ट वेगळी. दुप्पट पीळ पातळ पत्र्याच्या पेटीवर पडला की तिला आधाराच्या पट्ट्या जोडाव्या लागतात, मधला बोगदा कापावा लागतो, मागचा गिअरही बदलावा लागतो. तयार होते ते वाहन भयंकर वेगवान खरे, पण त्याला झेड म्हणावे ते केवळ वरच्या झग्यावरून. बोल्टने बसविलेले बोल्टने सुटते. करवतीने कापलेले परत येत नाही. झेडच्या मालकाने आपली रेषा इथे आखणे शहाणपणाचे, कारण निरोगी सांगाडे दरसाल कमीच होत आहेत.

या रेषेचा हिशेब बाजारातही दिसतो. १९९७च्या सुमारास निसानने अमेरिकेत स्वतःच जुन्या झेड गाड्या विकत घेऊन, नव्यासारख्या करून २४,९५० डॉलरना विकायला काढल्या. पण खर्च इतका चढला की चाळिसाच्या आतच तो उपक्रम आवरावा लागला. पुढे जानेवारी २०२० मध्ये, जेमतेम एकवीस हजार मैल चाललेली, १९७१ सालची एक झेड लिलावात ३ लाख १० हजार डॉलरना गेली. कोणी हात न लावलेली म्हणून!

कायद्याचे वळण देशोदेशी निराळे आहे. कॅलिफोर्नियात १९७५ सालपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, म्हणून २४०झेडच्या मालकाला इंजिनाशी खेळता येते. १९७६ची २८०झेड मात्र त्या चाळणीत सापडते. जपानात तेरा वर्षांवरील पेट्रोल गाडीला वाढीव कर भरावा लागतो, तरी तिथले शौकीन तो निमूटपणे भरतात. भारतात कारखान्याच्या मूळ नोंदीशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिन्टेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली; पण सांगाडा, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट घातली. १९६९ ते १९७३ या काळातील प्रत्येक २४०झेड वयाने आता या नियमात बसते. तिचा इंजिन क्रमांक गाडीवरील पट्टीशी जुळतो की नाही, हा प्रश्न तेवढा उरतो. म्हणूनच जाणते मालक मोठे इंजिन बसवितात तेव्हाही जुने इंजिन विकत नाहीत. ते तेल चोपडून, ताडपत्रीत गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवतात. मूळचे दोन कारबुरेटर आणि साडेचार इंची चाकेही त्याच्या शेजारी खोक्यांत चिठ्ठ्या लावून असतात, आणि गाडी विकली जाते तेव्हा ती खोकी नव्या मालकाच्या हवाली होतात.